हिऱ्यांचा देश आणि संपलेली औषधं: बोत्स्वाना इथवर आला कसा

२०२५ च्या ऑगस्टमध्ये बोत्स्वानाचे राष्ट्राध्यक्ष दूमा बोको यांनी सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. कारण काय, तर सरकारी दवाखान्यांत औषधं संपत आली होती आणि ती पोचवायच्या कामावर लष्कराला देखरेख ठेवायला सांगावं लागलं. आता आफ्रिकेच्या दक्षिणेतला हा देश म्हणजे रशियाच्या खालोखाल हिरे काढणारा, आणि लोकसंख्या जेमतेम २५ लाख. हिरे आहेत, माणसं कमी आहेत, मग औषधाला पैसे नाहीत हे कसं? याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

हा भाग १८८५ पासून ब्रिटिशांच्या 'संरक्षणा'खाली होता, म्हणजे नावाला संरक्षण, बाकी कोणाला फार रस नव्हता, कारण अर्ध्याहून जास्त जमीन कालाहारीचं वाळवंट. १८९५ ला सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश खाणमालकाच्या कंपनीच्या घशात हा प्रदेश जाणार असं दिसल्यावर तिथले तीन राजे, खामा तिसरा, सेबेले आणि बाथोएन, थेट लंडनला गेले, तिथे गावोगाव सभा घेतल्या आणि रेल्वेसाठी जमिनीची एक पट्टी देऊन बाकी देश वाचवून आले. पण वाचवला म्हणजे सुधारला असं नाही. ब्रिटिशांनी इथे इतकं कमी लक्ष दिलं की या प्रदेशाचा कारभारसुद्धा मेफकिंगहून चालायचा, आणि ते गाव दक्षिण आफ्रिकेत! देशाची राजधानी देशाबाहेर. आजची राजधानी गाबोरोने स्वातंत्र्याच्या तोंडावर घाईघाईत बांधली.

३० सप्टेंबर १९६६ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा डांबरी रस्ता होता १२ किलोमीटर, पदवीधर होते २२. वर सलग दुष्काळ, गुरं पटापट मेलेली, आणि गुरं हीच तिथली खरी संपत्ती. सरकारचा रोजचा खर्चसुद्धा ब्रिटनच्या मदतीवर. त्यांच्या चलनाचं नाव 'पुला' आहे, १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा रँड सोडून त्यांनी ते आणलं, आणि पुला म्हणजे पाऊस. ज्याने दुष्काळ बघितलाय त्याला पैशाचं नाव पाऊस का ठेवलं हे समजावून सांगायला नको.

पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे त्याच खामा तिसऱ्याचे नातू. लंडनला शिकायला गेले आणि १९४८ मध्ये रूथ विल्यम्स या गोऱ्या मुलीशी लग्न केलं, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतलं वर्णद्वेषी सरकार भडकलं, आणि त्यांना दुखवायला नको म्हणून ब्रिटिशांनी सेरेत्सेंना त्यांच्याच देशातून हद्दपार केलं. १९५६ मध्ये परत आले ते गादीवरचा हक्क सोडून.

माझ्या मते खरी गोष्ट सुरू होते १९६७ ला. त्या वर्षी ओरापाला हिरे सापडले, आणि ओरापा येतं बांगवातो लोकांच्या, म्हणजे सेरेत्सेंच्या स्वतःच्या जमातीच्या भागात. मनात आणलं असतं तर 'आमच्या जमिनीतलं ते आमचं' म्हणणं अगदी सोपं होतं, आफ्रिकेत अशा हट्टावरून युद्धं पेटलेली आहेत. पण त्याच वर्षी कायदा झाला की जमिनीखालचं खनिज कुठल्या जमातीचं नाही, सगळ्या देशाचं. म्हणून 'हिरे सापडले, नशीब उघडलं' असं कोणी म्हणालं की मला पटत नाही. हिरे सिएरा लिओनमध्येही सापडले होते, तिथे त्याच हिऱ्यांच्या पैशावर यादवी युद्ध पेटत राहिलं.

मग हिऱ्यांच्या धंद्यातली बडी कंपनी डी बीअर्स हिच्याशी करार. सुरुवातीला खाणीत सरकारचा वाटा होता फक्त १५ टक्के. सेरेत्से आणि त्यांचे उपाध्यक्ष क्वेट मासिरे यांनी परत टेबलावर बसून तो सत्तरच्या दशकातच ५० टक्क्यांवर नेला, ती निम्मी-निम्मी कंपनी म्हणजे आजची देब्स्वाना. १९८२ ला ज्वानेंगची खाण सुरू झाली, किमतीच्या हिशोबाने जगातली सगळ्यात श्रीमंत हिऱ्याची खाण. वर वाळूचा जाड थर, आणि खाली काय दडलंय याचा सुगावा लागला तो वाळवीने वर आणून टाकलेल्या कणांवरून, असं सांगतात.

पैसा आला तो बराचसा शाळा, दवाखाने, रस्ते आणि पाण्याकडे गेला, उरलेला गंगाजळीत. पण विद्यापीठाची गोष्ट हिऱ्यांची नाहीच, ती गुरांची आहे. बोत्स्वाना, लेसोथो आणि स्वाझीलँड यांचं मिळून एक विद्यापीठ होतं, १९७५ ला लेसोथोने आपल्याकडचा कॅम्पस ताब्यात घेतला आणि बोत्स्वानाची पोरं रस्त्यावर आली. मग सेरेत्सेंनी हाक दिली, 'माणशी एक जनावर'. कोणी गाय दिली, कोणी धान्य, कोणी अंडी, कोणी रोख, आणि त्यातून गाबोरोनेचं विद्यापीठ उभं राहिलं. आपल्याकडे वर्गणीतून शाळा उभ्या राहिल्याच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्यांना हे लगेच कळेल.

१९९४ मध्ये युनोच्या सगळ्यात मागास देशांच्या यादीतून बाहेर पडणारा हा पहिला देश ठरला. आणि नेमकं त्याच सुमाराला एड्स. २००० च्या आसपास तिथे आयुर्मान पन्नाशीच्याही खाली घसरलं, म्हणजे तीस वर्षांत कमावलेलं दहा वर्षांत गेलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांनी लपवाछपवी केली नाही, आपण नामशेष होऊ शकतो हे जगासमोर बोलले, आणि २००२ पासून सरकारी खर्चाने सगळ्यांना औषधं द्यायला सुरुवात केली. आफ्रिकेत हे पहिल्यांदाच होत होतं. आयुर्मान परत साठीपार गेलं. आईकडून बाळाला होणारी लागण इतकी कमी झाली की जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याची खास दखल घेतली. म्हणून तर औषधं संपल्याची बातमी इतकी टोचते.

सगळंच गोड होतं असं नाही. कालाहारीच्या अभयारण्यातून सान आदिवासींना सरकारनेच हलवलं, २००६ मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. गरीब-श्रीमंत दरी जगातल्या सगळ्यात मोठ्या दऱ्यांपैकी. खाणीत माणसं लागतात थोडी, त्यामुळे देश श्रीमंत दिसतो पण शिकलेल्या पोरांना काम नाही. निर्यातीतला जवळपास ८० टक्के पैसा हिऱ्यांचाच, दुसरं काहीतरी उभं करायचं हे प्रत्येक सरकार बोललं, जमलं कोणालाच नाही.

मग आले लॅबमधले हिरे. आपल्या सुरतेत ते मोठ्या प्रमाणावर बनतात, घासले जातात, ग्राहकाला फरक डोळ्यांनी कळत नाही आणि किंमत पाण्यासारखी. खाणीतल्या हिऱ्याचा भाव पडला, देब्स्वानाने उत्पादन कमी केलं, आणि सरकारच्या तिजोरीत येणारा पैसाच आटला. ऑक्टोबर २०२४ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यापासून ५८ वर्षं सत्तेत असलेला पक्ष चार जागांवर आला. सत्ता मात्र भांडणाशिवाय बदलली.

बोको आले ते हीच रिकामी तिजोरी घेऊन. फेब्रुवारी २०२५ ला डी बीअर्सशी नवा करार झाला, त्यात सरकारने स्वतः विकायच्या कच्च्या हिऱ्यांचा वाटा २५ वरून ३० टक्के केला, पुढे तो ४० होणार आहे. आणि आता डी बीअर्स ही अख्खी कंपनीच विकायला निघालीय. बोत्स्वानाचा तिच्यात आजच १५ टक्के हिस्सा आहे. पहिल्या खाणीत मिळाला होता तोच आकडा, फक्त यावेळी त्यांना मालकी हवी आहे.