पर्यायी शिक्षा : न्यायदंडाधिकारी न्यायालयातील परिवीक्षा व सामुदायिक सेवा

गुन्हा शाबीत झाल्यावर दोषी व्यक्तीला तुरुंगात न पाठवता, अटी घालून व देखरेख ठेवून समाजातच सुधारण्याची संधी देणाऱ्या न्यायालयीन आदेशांना पर्यायी शिक्षा म्हणतात. भारतातील शहरी फौजदारी न्यायालयांत हे आदेश मुख्यतः तीन प्रकारचे असतात : ताकीद देऊन सुटका, चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर परिवीक्षा म्हणजे बोलीतले प्रोबेशन, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने आणलेली सामुदायिक सेवा. काटेकोर पाहिले तर पहिल्या दोन शिक्षा नव्हेत. त्यांत शिक्षा सुनावणे टाळलेले किंवा पुढे ढकललेले असते. सामुदायिक सेवा मात्र स्वतःच शिक्षा आहे. परिवीक्षेची अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाऊ शकते. सेवा टाळली तर ती न केल्याबद्दलचा कारावास वाट्याला येतो. रोजनाम्यात या दोन्हींची सरमिसळ झाली की अंमलबजावणीच्या वेळी कोणालाच धड काही करता येत नाही.

कायदेशीर आधार

१८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२मध्ये पहिल्या गुन्ह्याला सवलत होती. मुंबई प्रांताने १९३८मध्ये परिवीक्षेचा स्वतंत्र कायदा केला. आजचे बहुतेक काम अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ याखाली चालते. त्याच्या कलम ३प्रमाणे साधी चोरी, घरातली चोरी, नोकराने केलेली चोरी, फसवणूक असे ठरावीक गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला कोणताही गुन्हा पहिल्यांदाच शाबीत झाला असेल, तर ताकीद देऊन सोडता येते. अधिनियमातील भारतीय दंड संहितेच्या कलमांचे उल्लेख आता न्याय संहितेच्या समकक्ष कलमांना लागू धरले जातात. कलम ४ जास्त व्यापक आहे : मृत्युदंड किंवा जन्मठेप ही शिक्षा नसलेल्या गुन्ह्यात जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येते, आणि देखरेख आदेश दिलाच तर त्याची मुदत किमान एक वर्ष असावी लागते. धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा जन्मठेपेस पात्र असल्याने दुखापत प्रत्यक्षात किरकोळ वाटली तरी कलम ४ बंद होते. हे लक्षात न घेता केलेले अर्ज वारंवार फेटाळले जातात.

एकवीस वर्षांखालील आरोपीसाठी कलम ६ आहे. इथे कारावास हा अपवाद ठरतो : परिवीक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे आरोपीची चौकशी व देखरेख करण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा, अहवाल मागवणे बंधनकारक, आणि तरीही तुरुंगात पाठवायचे तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. वय गुन्ह्याच्या दिवशीचे मोजायचे की आदेशाच्या दिवशीचे, हा वाद सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्ये रामजी मिसर प्रकरणात आदेशाच्या दिवसाच्या बाजूने सोडवला. त्यामुळे खटला रेंगाळला की अठराव्या वर्षी पकडलेला मुलगा बावीसचा होऊन कलम ६च्या संरक्षणाबाहेर जातो. या कायद्याचा हेतूच विलंबाने असा खर्ची पडतो, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही.

काही दारे बंद आहेत. अमली पदार्थविषयक १९८५च्या कायद्यातील कलम ३३ अठरा वर्षांखालील आरोपी आणि कलम २६ (परवानाधारकाचे नियमभंग) व २७ (सेवन) वगळता परिवीक्षा नाकारते. निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यू घडवलेल्या चालकांना हा लाभ देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग प्रकरणात २०००मध्ये बजावले.

अहवाल

सगळी इमारत परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालावर उभी असते. कुटुंबात कमावते किती, आरोपी शाळा कुठून सुटला, कोणत्या कामावर किती टिकला, कर्ज कोणाचे, व्यसन कोणते आणि केव्हापासून, फिर्यादीशी संबंध काय, शेजारी काय म्हणतात, हे त्यात यायला हवे. ‘आरोपी गरीब कुटुंबातील असून त्याला पश्चात्ताप झाला आहे’ हे वाक्य शंभर अहवालांत जसेच्या तसे सापडते आणि त्यातून न्यायालयाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘वडील दोन वर्षे अंथरुणाला, आरोपी हमालीवर, मालक परत कामावर घ्यायला तयार’ एवढे लिहिले तर दंडाधिकाऱ्यांना अट कोणती घालायची ते सुचते.

गृहभेट दुपारी बाराला केली तर झोपडपट्टीत किंवा चाळीत दाराला कुलूपच सापडते. संध्याकाळी सातनंतर घरचे भेटतात. अधिकाऱ्याने कामाच्या ठिकाणी चौकशी करताना कारण उघड केले तर चौकशीमुळेच नोकरी जाते, म्हणून मालकाला भेटण्यापूर्वी आरोपीला विचारणे चांगले. अहवाल १९५८च्या अधिनियमाच्या कलम ७प्रमाणे गोपनीय असतो. न्यायालयाला योग्य वाटल्यास त्याचा सारांश आरोपीला सांगून त्यावर पुरावा देण्याची संधी देता येते. प्रतिकूल अहवालाच्या बाबतीत ही संधी नेहमीच द्यावी. ऐकीव माहितीवर उठलेली शेजाऱ्याची तक्रार तिथेच उघडी पडते.

दुसरी अडचण राहत्या पत्त्याची. आरोपीचे किंवा जामीनदाराचे निश्चित राहण्याचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय असल्याची न्यायालयाची खात्री व्हावी लागते. स्थलांतरित मजुराजवळ भाडेकरार नसतो, रेशन कार्ड गावच्या पत्त्याचे असते. मात्र कायदा कागद मागत नाही, खात्री मागतो. मुकादमाचे शपथपत्र किंवा अधिकाऱ्याने स्वतः पाहिलेली खोली पुरेशी ठरू शकते. शिवाय बंधपत्र जामीनदाराशिवायही घेता येते, हे कलम ४मध्ये स्पष्ट लिहिलेले असूनही छापील नमुन्याच्या सवयीने जामीनदार मागितला जातो आणि गरीब आरोपी निव्वळ त्यापायी आत राहतो.

देखरेख

देखरेख आदेशाच्या अटी आरोपीला समजावून सांगणे आणि प्रत आरोपी, जामीनदार व परिवीक्षा अधिकारी या तिघांना देणे हे कलम ४(५)चे बंधन आहे. समजावणे म्हणजे वाचून दाखवणे नव्हे. ‘तुला कधी, कुठे, कोणाला भेटायचे आहे?’ असे उलट विचारून उत्तर ऐकले की किती समजले ते कळते. भेटींचा वेग सुरुवातीला दाट ठेवावा : पहिले दोन महिने आठवड्याला एक, पुढे पंधरवड्याला, सहा महिन्यांनी महिन्याला. माणूस घसरतो तो बहुधा सुरुवातीलाच. दर भेटीला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले तर रोजंदारी बुडते आणि तिसऱ्या भेटीपासून तो येणे बंद करतो. त्याची नोंद मात्र ‘असहकार’ म्हणून होते. परिस्थिती बदलली, म्हणजे काम दुसऱ्या शहरात मिळाले किंवा घर बदलले, तर कलम ८खाली अटी बदलून घेता येतात. अर्ज वेळेवर झाला पाहिजे, एवढेच.

सामुदायिक सेवा

ब्रिटनने १९७२मध्ये ४० ते २४० तासांची सामुदायिक सेवा कायद्यात आणली. भारतात १९७८च्या दंड संहिता दुरुस्ती विधेयकात ती होती, पण लोकसभा विसर्जित झाल्याने ते विधेयक बारगळले. न्याय संहितेत ती अखेर सहा कलमांत आली : लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे (२०२), उद्घोषणेनंतर हजर न होणे (२०९), लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न (२२६), किरकोळ चोरी (३०३), दारूच्या नशेत सार्वजनिक गैरवर्तन (३५५) आणि अब्रुनुकसानी (३५६). समाजाच्या हिताचे, मोबदला नसलेले काम अशी तिची व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २३मध्ये आहे. या व्याख्येत तासांचा आकडा नाही.

चोरीचे कलम वेगळे आहे. वस्तूची किंमत ५,००० रुपयांहून कमी, पहिलीच दोषसिद्धी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर सामुदायिक सेवा हीच शिक्षा ठरते; बाकी पाच कलमांत ती पर्याय म्हणून येते. व्यवहारात हा दरवाजा अरुंद आहे. साधा मोबाइलसुद्धा बऱ्याचदा ५,०००च्या वर जातो, राहत्या घरातली चोरी कलम ३०५खाली आणि हिसकावून नेणे कलम ३०४खाली जाते. परतफेडीची पावती किंवा सुपूर्दनामा (वस्तू परत ताब्यात दिल्याचा कागद) अभिलेखात नसेल तर लाभ मिळताना वाद होतो, म्हणून बचाव पक्षाने तो आधीच दाखल करावा.

‘आरोपीने सामुदायिक सेवा करावी’ एवढाच आदेश अंमलात येत नाही. चालणारा आदेश असा असतो : ‘आरोपीने आजपासून ९० दिवसांत एकूण ४८ तास, दर शनिवारी व रविवारी सकाळी ८ ते ११, अमुक सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तके लावणे व स्वच्छ करणे हे काम ग्रंथपालांच्या देखरेखीखाली करावे, कसूर झाल्यास अमुक दिवस साधा कारावास.’ आठवड्याला सहा तास म्हणजे आठ आठवडे, ५६ दिवस. उरलेले ३४ दिवस आजारपण, सण, गावी जाणे यांसाठी राखलेले असतात. ही सैल जागा न ठेवल्यास पहिल्याच तापाला मुदत चुकते.

हजेरीपटात तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, केलेले काम, आरोपी व देखरेख करणारा या दोघांच्या सह्या आणि त्या दिवसापर्यंतची बेरीज हे सहा रकाने हवेत. बेरीज रोज लिहिली की शेवटी ‘तास कमी भरले’ हा वाद उरत नाही. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच हाताने, ८ ते ११ अशा ठोकळ वेळांनी भरलेल्या दिसल्या तर पट एका बैठकीत लिहिला गेला आहे असा संशय धरावा आणि अधिकाऱ्याने न कळवता एक फेरी मारावी.

काम निवडताना मान राखणे महत्त्वाचे. गळ्यात पाटी, छायाचित्रे, गर्दीसमोर झाडू देणे हे शिक्षेत कुठेच लिहिलेले नाही. हाताने मैला साफ करणे २०१३च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. जात पाहून झाडलोट आणि शिक्षण पाहून ग्रंथालय अशी वाटणी तर न्यायालयाने एकदाही होऊ देता कामा नये. संस्थेने पगारी माणूस कमी करून आरोपीला राबवायला घेतले, तर ते समाजहिताचे काम राहत नाही.

शिक्षा आणि जामिनाची अट या दोन गोष्टी लोकांत फार मिसळतात. मे २०२४मधील पुण्याच्या मोटार अपघातात बाल न्याय मंडळाने सांगितलेला ३०० शब्दांचा निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे.

व्यसनाची प्रकरणे

अमली पदार्थांच्या कायद्यातील कलम ३९ खास व्यसनी माणसासाठी आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी व्यक्तीला तिच्या संमतीने उपचारासाठी सोडता येते, एक वर्षाच्या आत उपचाराचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो पाहून तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर ताकीद देऊन सोडता येते. दारूच्या बाबतीत ‘आजपासून मद्यपान करणार नाही’ ही अट लिहिणे सोपे, पण रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय मदतीशिवाय एकदम बंद केले तर पहिल्या दोन-चार दिवसांत झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही संभवतो. म्हणून आधी रुग्णालयात दाखल करणे आणि मग अट, हा क्रम पाळावा. उपचारात एखादी घसरण अपेक्षितच असते. ती लपवली जाणार नाही असे वातावरण अधिकाऱ्याने राखले तर उपचार पुढे सरकतो. पहिल्या घसरणीलाच वॉरंट काढले की माणूस केंद्र सोडून पळतो.

अटभंग आणि समाप्ती

परिवीक्षेची अट मोडल्यास १९५८च्या अधिनियमाच्या कलम ९प्रमाणे समन्स किंवा वॉरंट निघते. पहिल्या कसुरीला बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करता येतो. हा आकडा १९५८पासून तोच आहे. अन्यथा मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावता येते. सामुदायिक सेवा न केल्यास न्याय संहितेच्या कलम ८(५)प्रमाणे कारावास साधाच असतो. त्याच्या मर्यादा दंडाच्या रकमेवर बेतलेल्या आहेत : ५,००० रुपयांपर्यंत दोन महिने, १०,०००पर्यंत चार महिने, इतर बाबतींत एक वर्ष. केवळ सेवेच्या आदेशाला यातली कोणती मर्यादा लावायची हे स्पष्ट दिसत नाही. म्हणून कसुरीचा कालावधी मूळ आदेशातच लिहावा.

मुदत संपल्यावर अधिकाऱ्याचा अंतिम अहवाल येतो व बंधपत्र रद्द होते. आरोपीने आदेशाची आणि अंतिम अहवालाच्या नोंदीची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढून ठेवावी. परिवीक्षा अधिनियमाच्या कलम १२मुळे दोषसिद्धीबरोबर येणारी अपात्रता लागत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात १९७५मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे नोकरीच्या अर्जात ‘कधी दोषसिद्धी झाली आहे का’ या रकान्यात ‘नाही’ लिहिणे ही चूक ठरते. ‘होय’ लिहावे, पुढे १९५८च्या अधिनियमाच्या कलम १२चा उल्लेख करावा आणि ती प्रत जोडावी.