लघवीतले एक लाख जंतू : वसाहत आणि संसर्ग यांतील गोंधळाची पार्श्वभूमी

कोकणातून, सीमाभागातून किंवा चंदगड-गडहिंग्लजकडून कोल्हापुरात उपचारांसाठी आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांकडे प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात एक्स-रेच्या जोडीला बहुधा लघवीच्या कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, कागदही असतो. त्यावर जंतूचे नाव, त्याखाली ‘एक लाखाहून अधिक’ हा आकडा आणि औषधांच्या यादीसमोर ‘एस’ (औषध लागू पडेल) किंवा ‘आर’ (पडणार नाही) ही अक्षरे छापलेली असतात. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या, लघवीची नळी घातलेल्या, पण ताप नसलेल्या आजींचा कागदही असाच असतो आणि तो पाहून ‘लघवीत इन्फेक्शन आहे’ असे सांगितले जाते. या सवयीचे मूळ त्या आकड्यात आहे.

शरीरात जंतू असूनही माणूस आजारी नसू शकतो, हे पटकी आणि विषमज्वराच्या निरोगी वाहकांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि विसाव्याच्या सुरुवातीपासून ठाऊक होते. एक लाखाची रेषा मात्र १९५६ च्या सुमारास अमेरिकेत आखली गेली, आणि तीही वेगळ्याच प्रश्नासाठी. लघवीचा नमुना देताना त्वचेवरचे जंतू त्यात मिसळतात. मग वाढलेले जंतू मूत्राशयातले की बाहेरून मिसळलेले, हे ठरवायचे कसे? मूत्रपिंडदाह झालेल्या आणि कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांचे नमुने मोजल्यावर दर मिलिलिटरला एक लाख ही मर्यादा सोयीची ठरली. त्यापुढच्या संख्येला ‘सिग्निफिकंट’ हे जे इंग्रजी विशेषण लावले गेले, त्याचा अर्थ ‘दखल घेण्याजोगी’ एवढाच होता. त्रास नसलेल्या काही स्त्रियांमध्येही ती आढळली होती. म्हणजे जंतू खरोखर मूत्राशयात आहेत, एवढेच हा आकडा सांगत होता. त्या व्यक्तीला आजार आहे की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नव्हता.

मराठीत तर हा गुंता दुहेरी झाला. त्या विशेषणासाठी आपण ‘लक्षणीय’ हा शब्द घेतला आणि त्यात ‘लक्षण’ येऊन बसले, त्यामुळे ‘लक्षणरहित, पण लक्षणीय’ असे काही असू शकते हे कानाला पटेना. ‘संसर्ग’ या शब्दाचा मूळ अर्थ संपर्क, सहवास. त्या अर्थाने नळीवर वाढलेल्या जंतूंनाही संसर्ग म्हणता येईल, पण व्यवहारात तो शब्द आजाराचा झाला. जंतू आहेत पण आजार नाही, या स्थितीसाठी उरला ‘वसाहत’ हा शब्द, तर तो उच्चारला की कोल्हापूरकराला शिरोलीची औद्योगिक वसाहत आठवते. जंतूंनी नुसते बिऱ्हाड केले आहे, अजून भांडण काढलेले नाही, असे म्हटले की नातेवाइकांना चटकन कळते. तो वाक्प्रयोग शास्त्रीय लेखनात चालत नाही, एवढीच अडचण.

या आकड्याचा पाया दोन्ही बाजूंनी ढासळला. १९८२ मध्ये असे दिसले की जळजळ होणाऱ्या स्त्रियांमध्ये दर मिलिलिटरला शंभर जंतूही आजार दाखवायला पुरतात. उलट बाजूला, नळी असलेल्या रुग्णांपैकी दररोज साधारण तीन ते आठ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू येतात आणि महिनाभरात बहुतेक सर्वांच्या लघवीत ते असतातच. सोबत पू-पेशी दिसल्या तरी निवाडा होत नाही, कारण नळीमुळे त्याही दिसतात. लक्षणरहित गर्भवतींना औषध दिल्याने मूत्रपिंडदाह टळतो हे खरे, पण तोच नियम सर्वांना लावणे चूक ठरले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०५ मधुमेही स्त्रियांच्या अभ्यासात लक्षणे नसताना औषध देऊन गुंतागुंत कमी झाली नाही.

श्वासमार्गाची कथा अशीच, पण तिथे वसाहतीकडे काणाडोळाही करता येत नाही. अतिदक्षता विभागातील २१३ रुग्णांच्या १९७२ मधील अभ्यासात ९५ जणांच्या श्वासमार्गात ग्रॅम-निगेटिव्ह गटातले जंतू आढळले, म्हणजे तिथे वसाहत होती. त्यांपैकी २२ जणांना पुढे श्वसनमार्गाचा संसर्ग झाला, तर वसाहत नसलेल्या ११८ जणांपैकी चौघांनाच. वसाहत ही संसर्गाची पायरी असू शकते, तरी ९५ पैकी ७३ जण त्या पायरीवरच थांबले होते.

पुढचे बदल नियमावल्यांतून झाले. २००५ च्या आणि मग २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शनाने लक्षणरहित जंतूंवरील उपचार मुख्यतः गर्भवती आणि मूत्रमार्गाची रक्तस्राव होऊ शकेल अशी शस्त्रक्रिया होणारे रुग्ण यांच्यापुरते ठेवले. नळीशी जोडलेल्या संसर्गाच्या तिथल्या गणनेतून निव्वळ लक्षणरहित जंतू २००९ मध्ये वगळले गेले. भारतात जंतूंना औषधांपासून वाचवणाऱ्या एनडीएमसारख्या जनुकांमुळे शेवटच्या फळीतली औषधेही निकामी होऊ लागली, तेव्हा वाहक कोण आणि आजारी कोण हा प्रश्न खर्चाचाही झाला. वाहकाला वेगळ्या खाटेवर ठेवायचे, हात धुण्याची शिस्त कडक करायची, पण अँटिबायोटिक द्यायचे नाही, हे नातेवाइकांना समजावणे सोपे नसते. ‘रिपोर्टमध्ये जंतू निघालेत, मग औषध का नाही?’ हा त्यांचा प्रश्न रास्तच असतो.

टोरांटोतील एका रुग्णालयाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. नळी नसलेल्या दाखल रुग्णांच्या लघवीच्या कल्चरचा निकाल प्रयोगशाळेने आपणहून पाठवायचा नाही. डॉक्टरांना हवा असेल तर त्यांनी फोन करावा, असे ठरले. लक्षणे नसताना औषध दिल्या जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. अभ्यास लहान होता, आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांत लक्षणरहित रुग्ण प्रत्येकी तीसेकच होते. पण बदलले होते ते जंतू नव्हते की औषधे नव्हती, फक्त कागद आपोआप फाइलला लागायचा थांबला होता.