मोहरी, वाटाणा आणि द्राक्षाचा मणी

'दिवस कासराभर वर आला' असं आपल्याकडे गावोगावी म्हणतात. कासरा म्हणजे बैलाची दोरी. आभाळ हाताशी असलेल्या वस्तूंनी मोजायची सवय अशी जुनीच. पण कोणता गोल केवढा हे सांगायचं, तर आधी तो किती लांब आहे ते कळावं लागतं. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि जवळपास तितकेच पट दूर, म्हणून दोघे दिसतात सारखेच.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये व्यास योजनांत दिले : पृथ्वी १०५०, चंद्र ३१५, सूर्य ४४१०. म्हणजे चंद्र पृथ्वीच्या ०.३ पट, आजचा आकडा ०.२७. हे वाचताना मान आदराने लवते. सूर्य मात्र त्याच्या हिशेबात चौपटीच्या थोडा पुढे थांबला, प्रत्यक्षात तो १०९ पट आहे. सूर्याचं अंतर नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणातून हाती लागण्यासारखं नव्हतंच.

ते मिळालं शुक्रामुळे. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा नोंदवा, असं इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीने १७१६ मध्ये सुचवलं. १७६१ आणि १७६९ ची अशी अधिक्रमणं बघायला तो हयात नव्हता. त्यांच्या नोंदींतून सूर्य साधारण १५ कोटी किलोमीटरवर असल्याचं निघालं.

मग १८३३ मध्ये इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेलने दोन फुटी गोळ्याला सूर्य मानून बुध मोहरीएवढा, पृथ्वी वाटाण्याएवढी, गुरू संत्र्याएवढा सांगितला. मला त्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्याने अंतरंही दिली. पाठ्यपुस्तकांतली चित्रं ग्रह शेजारीशेजारी मांडतात आणि नेमकं तेच निसटतं.

नाशिकच्या मुलांसाठी वाटाण्याऐवजी द्राक्ष घ्यावं. इथले बागायतदार मणी मिलिमीटरमध्येच मोजतात. १८ मिलिमीटरचा मणी म्हणजे पृथ्वी. चंद्र मिरीच्या दाण्याएवढा, हातभराहून थोडा लांब. गुरू लहान कलिंगडाएवढा. सूर्य दोन मीटरचा, घराच्या दारातून आत न जाणारा. तो रामकुंडावर ठेवला, तर आपला मणी काळाराम मंदिराच्या वाटेवर, २१० मीटरवर येतो. नेपच्यून सव्वासहा किलोमीटरवर, नाशिकरोड स्टेशन यायच्या आधीच. आणि सूर्याला सर्वांत जवळचा तारा? रामकुंडावरून निघून पृथ्वीला अख्खी प्रदक्षिणा घालायची, आणि पुन्हा सोळा हजार किलोमीटर चालायचं.