कुर्ल्याची पद्मिनी, गुडगावची ८००

प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० शेजारी ठेवल्या की आधी अश्वशक्तीचा विषय निघतो, आणि कागदावर म्हातारीच जिंकते. पद्मिनीचं चार सिलिंडरचं १,०८९ सीसी इंजिन ४० अश्वशक्तीचं. जुन्या मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी, ३७ च्या आसपास. पण पद्मिनी जवळपास ९०० किलोची, मारुती साडेसहाशेची. एका अश्वशक्तीच्या वाट्याला तिकडे साधारण २२ किलो, इकडे साडेसतरा. घाटात फरक पडायचा तो इथे.

पद्मिनी जन्माने फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून कुर्ल्यात फियाटची ११०० डी बनवायला घेतली. सत्तरच्या दशकात फियाट हे नाव गेलं, आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ आलं. गाडी मात्र तीच. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, ओढ मागच्या चाकांना, मागे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं रांगेत असायचं. गाडी बदलायची घाई कुणाला असणार?

ती रांग मोडायला सरकारच उतरलं. १९८२ मध्ये गुडगावच्या सरकारी मारुती कंपनीचा जपानच्या सुझुकीशी करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ८०० च्या चाव्या दिल्या गेल्या. इंजिन आडवं, ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागे जाणारा लांब शाफ्टच नाही. वजन वाचलं ते बरंचसं इथे. १९८६ ला नवी बॉडी आली. आपल्या डोळ्यांसमोर येते ती हीच.

दोघींची दुखणी मात्र वेगळी. उन्हात चढावर पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपात वाफ धरते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबायचं. पुढच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर डावं-उजवं वळतं तिला, वेळच्या वेळी ग्रीस लागतं. चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा: खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. हे काम रस्त्याकडेचा मेकॅनिकही करायचा, मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांना ती परवडली याचं एक मोठं कारण हेच. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर थांबली, तीही वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करायला पद्मिनीत टायमिंग चेन असते, मारुतीत तिच्या जागी रबरी पट्टा आहे. तो वयानेही कडक होतो, म्हणून फार उभी राहिलेली गाडी घेतली तर मीटर कितीही कमी दाखवो, पट्टा बदलून टाका. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढून कट्‌कट्‌ आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा जॉइंट गेला समजा. बहुतेकदा त्यावरचं रबर आधी फाटलेलं असतं, ग्रीस बाहेर, धूळ आत. आणि किंमत ठरवण्याआधी पायाखालची मॅटिंग उचला. पातळ पत्रा ओल धरतो, आणि गंज वरून दिसत नाही.