सहाशे दिव्यांची झोप

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सुट्या भागांच्या एखाद्या जुन्या दुकानात गेलात, तर लोखंडी रॅकवर छतापर्यंत कप्पे दिसतील आणि चिठ्ठी घेऊन स्टुलावर चढलेला पोरगा ऑईल सीलवरची धूळ अंगठ्याने पुसून माप वाचत असेल. अशा सहाशे कप्प्यांवर एकेक तांबडा दिवा बसवावा आणि गल्ल्यावर मालाचा क्रमांक टाकताच नेमका त्याच कप्प्याचा दिवा लुकलुकावा, ही सोय मोठ्या गोदामांत वापरली जाते. तारा ओढल्या तर रॅक हलवताना सगळे पुन्हा करावे लागते, म्हणून दिवे बिनतारी हवेत आणि प्रत्येकाच्या पोटात नाण्याएवढा सेल हवा.

खरी अडचण या सेलपाशी आहे. सीआर २०३२ हा सेल २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा असतो आणि त्यात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास एवढाच साठा असतो. दिवा २ मिलिअँपिअरवर अखंड जळला, तर तो ११० तास पुरेल. पण दिव्यातला रेडिओ आज्ञेची वाट पाहत सतत ऐकत राहिला, तर साधारण १० मिलिअँपिअर खात तो २२ तासांतच सेल संपवेल. म्हणजे उजेडापेक्षा ऐकणे पाचपट महाग आहे. अँटेनावर येणारा संदेश इतका क्षीण असतो, की कोणी बोलत असो वा नसो, तो वाढवणारी सर्किटे चालूच ठेवावी लागतात. त्यामुळे अशा जाळ्याची रचना म्हणजे मुख्यतः झोपेचे वेळापत्रक आहे, असे मला वाटते.

झोपलेली चिप एक-दोन मायक्रोअँपिअरवर भागवते. दर सेकंदाला ती फक्त २ मिलिसेकंद जागी झाली, तर सरासरी खर्च २२ मायक्रोअँपिअरच्या आसपास येतो आणि तोच सेल दहा हजार तास, म्हणजे वर्षाहून अधिक टिकतो. दिवा लागायला फार तर सेकंदाचा उशीर होईल, आणि तेवढ्या वेळात पोरगा स्टूलसुद्धा सरकवत नाही. मात्र बोलणारा आणि ऐकणारा एकाच क्षणी जागे हवेत. घड्याळाचा स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकतो असे धरले, तर दोन घड्याळांत सेकंदाला जास्तीत जास्त ४० मायक्रोसेकंदांचा फरक पडतो, जो सहज सांभाळता येतो. तासभर जुळवणी झाली नाही, तर तोच १४४ मिलिसेकंदांवर जातो.

संदेशाची बांधणी मला या साऱ्यात सर्वांत देखणी वाटते. सहाशे दिव्यांना सहाशे वेगळे निरोप धाडण्याऐवजी प्रत्येक दिव्याला एकच बिट द्यावा: चालू किंवा बंद. सहाशे बिट म्हणजे ७५ बाइट, आणि सेकंदाला २५० किलोबिट या वेगाने ते अडीच मिलिसेकंदांच्या आत हवेत जातात. आरंभी बदलाचा क्रमांक ठेवला, तर तो जुनाच दिसताच दिवा पुढचे न ऐकता झोपी जातो. दर सेकंदाला पूर्ण चित्र पुन्हा पाठवले जात असल्याने एखादा निरोप हुकला तरी पुढचा तो भरून काढतो, पोचपावतीची गरज उरत नाही. एकमेकांचे निरोप पुढे पोचवणारे मेश जाळे इथे मला अनाठायी वाटते, कारण त्यात प्रत्येक दिव्याला शेजाऱ्यासाठीही जागे राहावे लागते.

लोखंडी रॅकमध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी, ज्यांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, आदळून परततात आणि काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. म्हणून दुकानाच्या दोन टोकांना दोन प्रक्षेपक बसवून त्यांनी आळीपाळीने बोलावे, आणि अँटेना पत्र्याला चिकटू न देता गल्लीकडे तोंड करून ठेवावी. वायफाय १, ६ आणि ११ या चॅनेलांवर असेल, तर या जाळ्यासाठी आयईईई ८०२.१५.४ या कमी वीज खाणाऱ्या रेडिओंच्या मानकातले, वेगळी क्रमवारी असलेले १५, २०, २५ किंवा २६ हे चॅनेल निवडावे.

दिव्याचा रंग तांबडाच हवा, कारण तो दोन व्होल्टच्या आतबाहेर उजळतो, तर निळ्याला तीनच्या जवळपास लागतात आणि उतरत्या सेलकडून ते मिळत नाहीत. सेकंदात ५० मिलिसेकंदच लुकलुकला, तर त्याचा खर्च अखंड जळण्याच्या विसाव्या हिश्श्यावर येतो.

दिवसातून एकदा, दुकान बंद झाल्यावर, प्रत्येक दिव्याने आपल्या १० मिलिसेकंदांच्या पाळीत सेलचा विद्युतदाब, म्हणजे किती व्होल्ट उरले ते, कळवावा. सहाशे दिव्यांची हजेरी सहा सेकंदांत होते, आणि सकाळी गल्ल्यावर बदलायच्या सेलच्या कप्प्यांची चिठ्ठी तयार असते.