रेंजवरचे पन्नास चेंडू आणि संकीर्ण प्रश्नसंग्रह

गोल्फच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागेवर, सकाळी साडेसहाला गेलं की एक दृश्य हमखास दिसतं. रबरी चटईवर उभा असलेला माणूस, शेजारी पन्नास चेंडूंची बादली, हातात सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या अंतरासाठीचा क्लब (गोल्फची काठी). पहिले पाच-सहा चेंडू वेडेवाकडे जातात. मग एक सरळ जातो, मग आणखी एक. विसाव्या चेंडूपर्यंत ताल सापडतो आणि चाळिसाव्यापर्यंत एकामागून एक चेंडू दीडशे यार्डांच्या पाटीकडे जायला लागतात. बादली रिकामी होते तेव्हा आपल्याला काहीतरी गवसलं अशी त्याची खात्री झालेली असते. रविवारी तोच माणूस कोर्सवर, म्हणजे खऱ्या मैदानावर, उतरतो आणि तिसऱ्या होलपर्यंत, म्हणजे अठरापैकी तिसऱ्या खळग्यापर्यंत, गवसलेलं सगळं हातातून निसटतं.

तीन वर्षं हा माणूस मी होतो. शिकवणारे सर मनापासून शिकवत होते, मी आठवड्यातून तीनदा जात होतो, आणि स्कोअर काही शंभराच्या खाली येत नव्हता (गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं). माझा स्विंगच, म्हणजे क्लब फिरवण्याची हालचालच, कच्चा आहे असं मला वाटायचं. पुढे शरीराच्या हालचाली माणूस कसा शिकतो यावरचं संशोधन वाचत गेलो आणि मत बदललं. स्विंग कच्चा होताच, पण त्याहून कच्ची होती माझ्या सरावाची रचना.

कोर्सवर प्रत्यक्षात काय करावं लागतं ते आधी पाहू. अठरा होल, पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब. ड्रायव्हरने, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबने, एक फटका मारला की दोन-तीन मिनिटं चालायचं. चेंडू कधी फेअरवेवरच्या कापलेल्या गवतावर, कधी रफच्या वाढलेल्या गवतात, कधी उतारावर पायांच्या पातळीच्या खाली. वारा, अंतर, चेंडूची बैठक पाहून क्लब निवडायचा, आणि संधी एकच. सलग दोन फटके सारखे आले असं जवळपास कधी होत नाही. रेंजवर मात्र पन्नासच्या पन्नास फटके सारखे, आणि चुकला तर सहा सेकंदांत पुढचा चेंडू तयार.

१९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या अमेरिकी संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. रंगीत दिवा लागला की टेनिसचा चेंडू उचलायचा आणि समोरच्या छोट्या लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने झपाट्याने पाडायच्या. असे तीन वेगवेगळे क्रम होते आणि एकूण सराव ५४ वेळा. एका गटाने पहिला क्रम सलग १८ वेळा केला, मग दुसरा १८ वेळा, मग तिसरा. दुसऱ्या गटाने तेवढाच सराव केला, पण तिन्ही क्रम मिसळून. पुढे कोणता येणार हे आधी कळत नव्हतं. सरावाच्या वेळी पहिला गट स्पष्टपणे वेगवान होता. मग काही मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा चित्र उलटलं. मिसळून, अडखळत शिकलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं, आणि नवा, अधिक अवघड क्रम दिल्यावरही तेच पुढे होते.

हे वाचताना मला शाळेतलं गणिताचं पुस्तक आठवलं. वर्गसमीकरणांचा धडा संपला की सरावसंचातली सगळी उदाहरणं वर्गसमीकरणांचीच. ती पटापट सुटायची, कारण कोणतं सूत्र लावायचं हा प्रश्न उरलेलाच नसायचा. खरी गोची व्हायची ती संकीर्ण प्रश्नसंग्रहात. तिथे आधी उदाहरण ओळखावं लागायचं, आणि परीक्षेतही नेमकं तेच करावं लागायचं. रेंजवरचा माझा विसावा चेंडू हा सरावसंचातल्या विसाव्या उदाहरणासारखा होता. उत्तर आधीच्या फटक्यातून उतरवून घेतलेलं. मेंदूला नव्याने काहीच मांडावं लागत नव्हतं, म्हणून फटका सोपा जात होता, आणि म्हणूनच तो टिकतही नव्हता. क्लब बदलला, लक्ष्य बदललं की मेंदूला हालचालीचा आराखडा पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. शिकणं घडतं ते या पुन्हा उभं करण्यात.

याच्या वर्षभर आधीचा, १९७८ चा, रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांचा प्रयोग तर मला फार आवडतो. आठ वर्षांची मुलं, दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या आणि जमिनीवर एक लक्ष्य. काही मुलांनी फक्त ३ फुटांवरून नेम धरण्याचा सराव केला. काहींनी २ आणि ४ फुटांवरून केला, ३ फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा ३ फुटांवर. जिंकली ती २ आणि ४ फुटांवाली मुलं. ज्यांनी त्या अंतरावरून कधी पिशवी फेकलीच नव्हती, त्यांनी फक्त तेच करणाऱ्यांना मागे टाकलं. आपण लहानपणी गोट्या खेळायचो तेव्हा गलीपासूनचं अंतर दर डावाला वेगळंच असायचं. ‘आज फक्त तीन फुटांवरून शंभर वेळा’ असं कोणी म्हटलं नाही, आणि नेम तरी बसत गेला.

क्रिकेटवाल्यांना जवळचं उदाहरण हवं असेल तर बेसबॉलचं आहे. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज खेळाडूंना सहा आठवडे जादा फलंदाजी दिली. एका गटाला एकाच प्रकारचे १५ चेंडू, मग दुसऱ्या प्रकारचे १५, मग तिसऱ्या प्रकारचे १५. दुसऱ्या गटाला तेच ४५ चेंडू मिसळून. शेवटच्या, सामन्यासारख्या चाचणीत पहिल्या गटाची सुधारणा २५ टक्के होती, मिसळून खेळलेल्यांची ५७ टक्के.

इथे एक सावधगिरी हवी. असे प्रयोग प्रयोगशाळेत जितके ठळक दिसतात तितके मैदानावर नेहमी दिसत नाहीत. आणि ज्याला ग्रिप कशी धरायची हेच कळलेलं नाही, त्याला पहिल्या दिवशी दर फटक्याला वेगळा क्लब देणं क्रूरपणाचं आहे. हालचालीचा ढोबळ आकार येईपर्यंत तोच फटका पुन्हा पुन्हा मारायलाच हवा. माझं म्हणणं इतकंच आहे की तो टप्पा काही आठवड्यांचा असतो, आणि आपण त्यात वर्षानुवर्षं राहतो, कारण तिथे छान वाटतं.

आता सरांबद्दल, म्हणजे शिकवण्याबद्दल.

क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श साधारण अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. हाताला बसलेला धक्का मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत पोचेस्तोवर चेंडू मीटर-दीड मीटर पुढे गेलेला असतो. क्लब वरून खाली यायलाच जेमतेम पाव सेकंद लागतो. एवढ्या वेळात ‘मनगट असं, कोपर तसं’ अशी जाणीवपूर्वक दुरुस्ती करायला मेंदूला सवडच मिळत नाही. फटका निघण्यापूर्वीच तो बहुतेक ठरलेला असतो. तरीही आपण शिकवताना आणि शिकताना सगळा भर मनगट, कोपर, खांदा यांवर ठेवतो.

गॅब्रिएल वुल्फ या जर्मन संशोधिकेला विंडसर्फिंग करताना जाणवलं की पायांवर लक्ष देण्याऐवजी फळीच्या कलण्यावर लक्ष दिलं की वळणं सुधारतात. पुढे तिने आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये गोल्फवर प्रयोग केला. कधीही न खेळलेल्या लोकांना छोटा उंच फटका शिकवला. निम्म्यांना सांगितलं, हातांच्या हालचालीवर लक्ष ठेवा. निम्म्यांना सांगितलं, क्लबच्या लंबकासारख्या झुलण्यावर ठेवा. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचा नेम सरावात चांगला होता, आणि दुसऱ्या दिवशी, काहीही सूचना नसताना, तेव्हाही चांगला होता. सूचनेत फरक होता दोन-चार शब्दांचा.

पुण्यात एका जुन्या कॅडीने, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, मला हेच विनासंशोधन सांगितलं होतं. बंकरपलीकडे, म्हणजे वाळूच्या खड्ड्यापलीकडे, चिप (होलजवळचा छोटा फटका) करायची होती, मी चार वेळा मनगट तपासत उभा. तो म्हणाला, “साहेब, हात इसरा आता. बॉल कुठं टप्पा खायला पायजे तेवढं बघा.” टप्प्याची जागा पाहिली आणि चेंडू होलपासून हातभर अंतरावर थांबला. एका फटक्याने काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण त्या दिवसापासून चिप करताना मी दुसरं काही पाहत नाही.

कॅडीच्या सल्ल्यामागे आणखी एक कारण आहे. शियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अनुभवी गोल्फपटूंना पट, म्हणजे चेंडू हळूच घरंगळवत होलमध्ये घालायचे फटके, करायला लावले. एकदा, पट करता करता कानावर पडणाऱ्या आवाजांतून एक ठरावीक आवाज ओळखायचा होता. दुसऱ्यांदा, आपल्या स्विंगवर लक्ष ठेवून तो संपताक्षणी ‘स्टॉप’ म्हणायचं होतं. आवाज ऐकण्यात मन गुंतलं तेव्हा पट बरे गेले. स्वतःच्या हालचालीवर पहारा ठेवला तेव्हा बिघडले. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून पाहा, पाय अडखळतो. मुरलेलं कौशल्य जाणिवेखाली चालतं आणि पहारा त्याला अडवतो. महत्त्वाचा पट हुकतो तेव्हा ‘दडपण आलं’ एवढंच आपण म्हणतो. दडपण हा पहारा बसवतं, आणि हात त्या पहाऱ्याखाली बिघडतो.

सरांनी किती बोलावं यावरही अभ्यास आहेत. कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवलं की दर प्रयत्नानंतर चूक सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच वेळा सांगितलेल्यांना ती हालचाल पुढे जास्त चांगली आठवते. सतत सांगितलं की शिकणारा त्या सांगण्यावर रेलतो आणि स्वतःची चूक स्वतः ओळखायची सवय लागत नाही. म्हणून आता मी सरांना विनंती केली आहे: तीन फटके गप्प बघा, मग मला विचारा काय झालं, आणि मग सांगा. रेंजवरची रबरी चटई तर याहून वाईट शिक्षक आहे. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आदळला तरी तो चटईवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. हिरवळीवर तोच क्लब मातीत रुततो. चटई चूक लपवते, म्हणून गवताचा पट्टा उघडा असेल तर चार पावलं चालून तिथेच जावं.

पटिंगचं गणित वेगळंच आहे. शंभरच्या आसपास खेळणाऱ्याचे तीसहून जास्त फटके ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जातात, आणि सरावाचा वेळ जवळपास शून्य. होल १०८ मिलिमीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ५.४ सेंटिमीटर. दहा फुटांवरून चेंडू फक्त १ अंश तिरका निघाला तर होलपर्यंत तो ५.३ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. घड्याळात मिनिटकाटा दहा सेकंदांत सरकतो तेवढा हा कोन. अमेरिकेच्या पीजीए टूर या स्पर्धामालिकेतले व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरचे जेमतेम निम्मे पट घालतात, हे कळल्यावर माझा स्वतःवरचा राग बराच उतरला. कॅनडातल्या जोन विकर्स यांनी गोल्फपटूंच्या डोळ्यांची हालचाल मोजली, तेव्हा कुशल खेळाडूंची नजर फटक्याआधी चेंडूवर दोन-तीन सेकंद स्थिर असते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते असं दिसलं. कमी कुशल खेळाडूंची नजर चेंडू, क्लब आणि होल यांत भिरभिरते. ही सवय घरच्या सतरंजीवरही लावता येते.

कोलकात्याचे व्यावसायिक गोल्फपटू एस. एस. पी. चौरासिया यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाचं गवत राखणारे. मुलगा तिथेच बघत, कॅडीचं काम करत, स्वतःचा स्वतः शिकला. २००८ मध्ये इंडियन मास्टर्स आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन त्यांनी जिंकली. चिप आणि पट यांवरच्या हुकमतीमुळे सोबतचे त्यांना ‘चिपपुटसिया’ म्हणतात. कोर्सच्या कडेला वाढलेल्या मुलाला रेंजची बादली नव्हे, उतार, गवत आणि बदलती अंतरं मिळतात. त्यांच्या यशाचं सगळं श्रेय त्यालाच देणं चुकीचं ठरेल, पण त्यांची चिप पाहताना मला २ आणि ४ फुटांवाली मुलं आठवतात.

हल्ली माझी बादली अशी संपते. पहिले दहा चेंडू अंग मोकळं करायला. उरलेल्या चाळिसांत मी ओळखीच्या कोर्सचे होल मनात खेळतो: पहिल्या होलचा ड्रायव्हर, मग जिथे तो पडला असता तिथून सिक्स आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्याचा क्लब). दर फटक्याआधी मागे जाऊन लक्ष्य निवडायचं आणि लागोपाठ दोनदा एकच क्लब धरायचा नाही. चेंडू पूर्वीपेक्षा खूप वाईट जातात. शेजारचे गृहस्थ चाळिसावा सरळ फटका मारून माझ्याकडे काळजीने बघतात. शेवटी पटिंग ग्रीनवर तीन नाही, एकच चेंडू नेतो, कारण कोर्सवर दुसरा मिळत नाही. सहा फूट, अकरा फूट, चार फूट, उतारावरून नऊ फूट. घातला की पुढचं ठिकाण, हुकला की तिथूनच पुढचा पट, आणि वहीत एक रेघ.