चार मिनिटांचं गाणं किती एमबीचं?

सीडी १९८२ साली बाजारात आली. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (म्हणजे मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल; गुणाकार १४,११,२०० बिट. आठ बिटांचा एक बाइट आणि दहा लाख बाइटांचा एक एमबी, म्हणजे चार मिनिटांना ४२.३ एमबी, मग नुसता तानपुरा वाजत असो की शंभर वाद्यं. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या ५६ केबीपीएसच्या (सेकंदाला ५६ हजार बिटांच्या) मोडेमने पूर्ण वेग दिला (तो क्वचितच मिळे) तरी एवढं उतरवायला एक तास चाळीस मिनिटं जात.

आवाज लहान फाइलीत बसवणाऱ्या एमपीथ्री या फॉरमॅटचं बरंचसं काम जर्मनीत एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत झालं. फाइलच्या नावामागे .mp3 हे शेपूट लागलं १९९५ मध्ये. मोठ्या आवाजाखाली दबून जे कानाला कळतच नाही, त्यावर बिट खर्च करायचे नाहीत, हे त्याचं तत्त्व. १२८ केबीपीएसला ११५२ नमुन्यांची एक फ्रेम (म्हणजे आवाजाचा एक तुकडा) ४१७ किंवा ४१८ बाइटांत बसते. चार मिनिटं ३.८४ एमबीत, सीडीच्या अकराव्या हिश्शात. ‘एमपीथ्री म्हणजे अकरापट लहान’ हा समज इथूनच रुजला. पण तो आकडा १२८चा आहे, एमपीथ्रीचा नव्हे. ३२० ला तेच गाणं ९.६ एमबी होतं.

पुढे १९९७ ला एएसी आणि २०१२ ला ओपस हे त्याच जातीचे फॉरमॅट आले. १२८ लाच ठेवलं तर त्यांच्याही फाइली जवळपास तेवढ्याच भरतात. त्यांची कमाई अशी, की ९६ ला, म्हणजे २.८८ एमबीच्या आसपास, आवाज एमपीथ्रीसारखा फाटत नाही. म्हणून नुसत्या एमबींची तुलना या फॉरमॅटांवर अन्याय करते.

२००१ च्या फ्लॅक या फॉरमॅटचं गणितच वेगळं. तो काहीच टाकत नाही. पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतो आणि चूक तेवढी साठवतो. त्यामुळे फाइलचा आकार गाणंच ठरवतं. जुन्या मोनो रेकॉर्डचे दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असतील तर त्यांतला फरक शून्य, आणि फाइल जवळपास निम्मी. तीच रेकॉर्ड स्टिरिओ सुईने उतरवली, तर दोन्ही बाजूंची खरखर वेगवेगळी येते. खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, फाइल फुगते. अशा वेळी मोनो करून घ्यावं, मग फ्लॅक.

मोजताना सगळ्या फाइली एकाच वेव्हपासून (न दाबलेल्या मूळ फाइलीपासून) बनवाव्यात आणि कव्हरचं चित्र आधी काढावं. अर्ध्या एमबीचं चित्र ३.८४ च्या फाइलला तेरा टक्के फुगवतं. विंडोज तीच फाइल ३.६६ एमबी दाखवतं, कारण ते हजाराऐवजी १०२४ ने भागतं.